अण्णा, वहिनी, तू आणि ती रक्ततपासणी

मिरज, रविवार

प्रिय विज्या,

तुझं पत्र आणि सोबतचा रिपोर्टांचा गठ्ठा मिळाला. चौकशी तीन माणसांची आणि उत्तर हवंय एका ओळीत: ‘ती अल्झायमरची नवी रक्ततपासणी करून घेऊ का?’ अण्णा चौऱ्याऐंशीचे, वहिनी छप्पन्नच्या, तू पन्नाशीला टेकलेला. तिघांना एकच उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, हेही एक कारण.

तपासणी थोतांड नाही, हे आधी सांगतो. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा पेशींच्या आत गुंता होतो. पूर्वी हे माणूस गेल्यावर मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरच दिसायचं. मग पाठीतलं पाणी काढून बघायला लागले. अमायलॉइड मेंदूत साचून राहतं, म्हणून त्या पाण्यात अमायलॉइड-४२ हा त्याचा प्रकार कमी आणि फॉस्फोरिलेटेड टाऊ (फॉस्फेट चिकटलेला टाऊ, थोडक्यात पी-टाऊ) जास्त निघालं की संशय पक्का. त्यातही गंमत अशी, की हे अमायलॉइड काचेच्या नळीला आतून चिकटून बसतं आणि रिपोर्टात उगाच कमी दिसतं. म्हणून पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचीच नळी लागते. चुकीच्या नळीपायी धडधाकट माणसाला अल्झायमरचा शिक्का बसू शकतो. आम्हा लॅबवाल्यांना ‘फक्त मशीन चालवता’ म्हणणाऱ्यांना हे जरूर सांग.

आता पी-टाऊ २१७ हा टाऊचा एक प्रकार रक्तात मोजता येतो. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने अल्झायमरसाठीच्या पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. ती पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड-४२ यांचं गुणोत्तर काढते. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के लोकांत मेंदूतलं अमायलॉइड दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर किंवा पाठीच्या पाण्यात खरोखरच अमायलॉइडचा पुरावा सापडला होता. तुझ्या भाच्याने पाठवलेली जाहिरात इथवर येऊन थांबते. ही परवानगी वय ५५ किंवा जास्त, विसरण्याची लक्षणं असलेल्या आणि तज्ज्ञाकडे तपासणीत असलेल्या माणसांपुरती आहे. काही निकाल ‘धड हो नाही, धड नाही नाही’ अशा मधल्या पट्ट्यात पडतात, तेही जाहिरातीत नाही.

अण्णांचं बघू. २०१५ साली जगभरच्या अभ्यासांची मोट बांधून एक हिशेब मांडला गेला. स्मरणशक्ती ठणठणीत असलेल्या माणसांत अमायलॉइड कितीजणांत सापडतं? पन्नाशीत १० टक्क्यांत, ऐंशीला साधारण ३३ टक्क्यांत, नव्वदीला ४४ टक्क्यांत. म्हणजे अण्णांच्या वयाच्या, पेपर वाचून सरकारला शिव्या घालणाऱ्या तल्लख म्हाताऱ्यांतसुद्धा तिघांतला एक पॉझिटिव्ह. शिवाय त्यांचं क्रिएटिनिन १.९ आहे, म्हणजे मूत्रपिंड मंदावलंय. मूत्रपिंड मंदावलं की रक्तातला पी-टाऊ २१७ मेंदूचा काही संबंध नसताना वाढतो. समज, पॉझिटिव्ह आला, तर आपण वेगळं काय करणार? लेकॅनेमॅब, डोनानेमॅब ही नवी औषधं आजार थांबवत नाहीत, सुरुवातीच्या टप्प्यावर त्याचा वेग थोडा कमी करतात, आणि त्यांनी मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो. अण्णा रक्त पातळ करण्याच्या गोळीवर आहेत. त्यांना ही नवी औषधं कुणी द्यायची नाहीत.

त्यापेक्षा तुझ्या पत्रातली एक ओळ मला जास्त टोचली. ‘गणपतीत मोरीत घसरले, पण काही झालं नाही.’ रक्त पातळ करणारी गोळी आणि डोक्याला मार, अशा माणसाच्या कवटीखाली हळूहळू रक्त साचतं आणि काही आठवड्यांनी तो विसरायला, अडखळायला लागतो. सीटी स्कॅन सोमवारीच कर. ते साकळलेलं रक्त काढलं की माणूस पुष्कळदा सुधारतो. बी-१२ही बघ. घरचं जेवण शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन, दोन्ही बी-१२ खाली आणतात. सोबत थायरॉइड आणि सोडियम. आणि लघवीसाठी, झोपेसाठी चालू असलेल्या गोळ्यांची नावं मला कळव. त्यातल्या काही म्हाताऱ्यांना चक्क भ्रमिष्ट करतात. हे सगळं निस्तरल्यावरही विसरणं राहिलंच, तर बहुधा दोन-तीन कारणं एकत्र असतील. त्या वयात मेंदूत निखळ एकच आजार क्वचित असतो.

वहिनींची गोष्ट वेगळी, आणि मला खरी काळजी त्यांची वाटते. तू लिहिलंयस, बारशाच्या पंगतीत त्यांनी शेजारणीच्या ताटातला पेढा उचलून खाल्ला आणि त्यांना काही वाटलंच नाही. गोडाची हाव सुटलीय. सख्ख्या मामांच्या दहाव्याला हसल्या. विसरणं मात्र फारसं नाही. डॉक्टरांनी ‘पाळी जाताना होतं असं’ म्हणून नैराश्याच्या गोळ्या दिल्या आणि वर्ष गेलं. पंचावन्न-साठच्या आत डिमेन्शिया (मेंदूची झीज होऊन बुद्धी, स्मृती, वागणं ढासळणं) सुरू झाला तर तो असाच वागण्यातून डोकावू शकतो, आणि म्हणूनच मानसिक आजार समजला जातो. ज्याचं नाव या आजाराला पडलं त्या डॉक्टर अल्झायमरने १९०१ साली फ्रँकफर्टला तपासलेली ती पहिली बाईसुद्धा ५१ वर्षांची होती, आणि तिच्यात पहिलं दिसलं ते नवऱ्यावरचा अकारण संशय.

वहिनींबाबत मला संशय फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचा आहे, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग झिजण्याचा. त्याची स्वतःची अशी रक्ततपासणी अजून नाही. पण न्यूरोफिलामेंट लाइट नावाचं एक प्रथिन आहे, ते चेतातंतू तुटले की रक्तात उतरतं. ते म्हणजे धूर. आग लागली हे कळतं, कुठल्या घराला ते कळत नाही. वयाबरोबर ते आपसूक वाढतं, मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्या तरी वाढतं, म्हणून अण्णांचा आकडा बघून मी काही बोलणार नाही. वहिनींना ना मधुमेह, ना पक्षाघात. छप्पन्नाव्या वर्षी तो आकडा वयाच्या मानाने चांगलाच चढा आला, तर ‘हे नुसतं नैराश्य आहे’ म्हणणं अवघड जाईल. पी-टाऊ २१७ त्यांच्यात करण्यालाही अर्थ आहे, कारण त्या वयात अमायलॉइड उगाच सापडण्याची शक्यता कमी. तो नॉर्मल आला तर अल्झायमर बराचसा बाजूला पडतो. मात्र आधी न्यूरॉलॉजिस्ट, एमआरआय, गरज पडली तर एफडीजी पेट (मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय ते दाखवणारा स्कॅन), आणि मग रक्त. उलट्या क्रमाने गेलास तर हातात नुसते आकडे राहतील. त्यांच्या माहेरी कुणाला असंच वेडसर वागणं, किंवा हातापायांतली ताकद जाऊन बोलणं-गिळणं बंद होण्याचा आजार झाला होता का, तेही विचार. हे दोन्ही एकाच घराण्यात आढळतात.

राहिलास तू. चावी सापडत नाही आणि नटांची नावं आठवत नाहीत, एवढ्यावर तुला अल्झायमर करून हवाय! कोलंबियात अँटिओक्विया प्रांतात काही कुटुंबांत एकच सदोष जनुक पिढ्यान्‌पिढ्या उतरलंय. त्यांचं विसरणं साधारण ४४व्या वर्षी सुरू होतं, पण रक्तातलं न्यूरोफिलामेंट बाविशीतच वेगळं दिसायला लागतं. लक्षणांच्या इतकं आधी रक्त बोलू शकतं, खरंय. पण तिथे जनुकच ठाऊक होतं. तुझ्या घरात तसं काही नाही. २०२४ साली अमेरिकेतल्या एका गटाने ‘मार्कर (तपासणीत दिसणारी आजाराची खूण) पॉझिटिव्ह म्हणजेच अल्झायमर, लक्षणं असोत-नसोत’ अशी व्याख्या मांडली आणि दुसऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने तिला विरोध केला. मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा. गंमत म्हणजे लक्षणं नसलेल्यांनी ही तपासणी करू नये, हे पहिला गटही सांगतो. तू घोरतोस किती ते वैशालीला विचार, झोपेची तपासणी करून घे, साखर बघ.

वहिनींना घेऊन येशील तेव्हा एमआरआयची नुसती फिल्म नको, सीडी आण. आणि दादाला सांग, वहिनींच्या मोबाइलवरचं यूपीआय आजच बंद कर आणि सोन्याच्या लॉकरची चावी स्वतःकडे ठेव. भांडतील, तरी ठेव.

तुझा,
सत्या