पोलिसांच्या जुन्या गाड्या संस्थांना द्या, पण वेळेत द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पंधरा वर्षे पूर्ण झालेली सरकारी गाडी भंगारात काढण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अशा गाडीची नोंदणी आपोआप संपते, तिचे नूतनीकरण होत नाही आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रातच जमा करावी लागते. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातली चिलखती किंवा खास बनावटीची वाहने तेवढी यातून वगळली आहेत. पोलीस ठाण्याची रोजच्या गस्तीची साधी बोलेरो त्यात बसत नाही. नियम योग्यच आहे, धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर नकोतच. पण पंधराव्या वर्षापर्यंत गाडी दारात ठेवली की ती कुणाला द्यायची म्हटले तरी देता येत नाही, याचा विचार झालेला दिसत नाही.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयांना आणि राज्याच्या गृह विभागाला आपल्या पत्रातून विनंती करायची आहे. ज्या गाड्या पोलिसांच्या कामाला पुरेशा राहिलेल्या नाहीत, त्या दहाव्या-अकराव्या वर्षीच, अंगात धमक असताना, शहापूर-मुरबाडकडे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना द्याव्यात. पंधरा वर्षांची अट सरकारी मालकीच्या गाडीला आहे. तीच गाडी आधीच विश्वस्त संस्थेच्या नावावर झाली तर तिला इतर खासगी गाड्यांचे नियम लागतात. उरलेली चार-पाच वर्षे ती चालेल, आणि पुढे तपासणीत पास झाली तर नोंदणी वाढवूनही मिळेल.

अनेकांचा एक गैरसमज असतो, तो आधी दूर करतो. पोलीस ठाण्यांच्या आवारात गंजत पडलेल्या ज्या गाड्या आपण जाता-येता पाहतो, त्यातल्या बहुतेक पोलिसांच्या नसतात. त्या गुन्ह्यात किंवा अपघातात जप्त झालेल्या, म्हणजे मुद्देमालाच्या असतात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्यांना हात लावता येत नाही. फोटो, पंचनामा करून त्या लवकर मोकळ्या करा, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ मध्येच सांगितले होते आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्यासाठी दिवसांची मुदतही आली आहे. तो विषय मोठा आहे, त्यावर कुणीतरी वेगळे पत्र लिहावे. मी बोलतो आहे ते पोलिसांच्या स्वतःच्या, मोटर परिवहन विभागाकडच्या, निर्लेखनाच्या, म्हणजे कामातून बाद करायच्या, यादीत जाणाऱ्या गाड्यांबद्दल.

मी एसटीच्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. शहापूर तालुक्यात आतल्या बाजूला विशेष मुलांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे, तिच्या गाडीची देखभाल मी जमेल तशी करतो. ज्या तालुक्यातल्या भातसा आणि तानसा धरणांचे पाणी मुंबई पिते, तिथल्या पाड्यावरच्या आईला पायाने अधू मूल थेरपीसाठी आणायचे तर वडाप जीप भरेपर्यंत नाक्यावर बसावे लागते. जीप भरली की अशा मुलाला आडवे ठेवायला जागा नसते. संस्थेची गाडी बंद असते त्या आठवड्यात निम्मी मुले येत नाहीत. थेरपीत खंड पडला की महिनाभर सैल केलेले सांधे पुन्हा आखडतात. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून एवढ्या तळमळीने लिहितो आहे.

आता गाडीबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. पोलिसांच्या गाडीची पारख मीटरवरच्या किलोमीटरने करू नये. नाकाबंदीला, बंदोबस्ताला गाडी एका जागी तासन्तास उभी असते आणि इंजिन चालू असते. मीटरचा आकडा हलत नाही, पण इंजिन झिजत असते, तेल काळे होत असते. तीन पाळ्यांत तीन चालक, प्रत्येकाचा पाय वेगळा, त्यामुळे क्लच लवकर जातो. टपावरचा दिवा काढला की त्याच्या बोल्टची भोके राहतात. ती नीट बुजवली नाहीत तर पहिल्याच पावसात पाणी आतल्या अस्तरात उतरते आणि तिथून पत्रा सडायला लागतो. बिनतारी संच आणि सायरन काढताना वायरी नुसत्या कापून सोडून देतात. त्या उघड्या टोकांनी शॉर्टसर्किट होऊन गाडी पेटू शकते. दारावरचे ‘पोलीस’ हे स्टिकर ओरबाडून काढले तरी खालचा रंग उन्हाने उतरलेला नसतो, त्यामुळे उन्हात तिरपे पाहिले की अक्षरे जशीच्या तशी वाचता येतात. अशी गाडी चुकीच्या हाती गेली तर तोतया पोलिसाला आयतेच साधन मिळेल. तेव्हा दारे घासून पुन्हा रंगवणे हा खर्च टाळता येणारा नाही.

ही सगळी कामे पोलिसांच्या स्वतःच्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखी आहेत. गाडी देण्यापूर्वी तिथेच व्हावीत. संस्थेच्या गळ्यात दुरुस्तीचे बिल घालून दान दिले तर ते दान पांढरा हत्ती ठरते. जी गाडी तपासणीत धड निघणार नाही, ती खुशाल भंगारात काढावी.

कागदपत्रांचे तर विचारूच नका. आमच्या संस्थेला काही वर्षांपूर्वी एका कंपनीने आपली जुनी सुमो दिली. हार घालून, फोटो काढून दिली. नावावर मात्र करून दिली नाही. कंपनीतले ज्यांच्या सहीने काम व्हायचे ते साहेब बदलून गेले, आणि धडधाकट सुमो आवारात उभी राहून टायर चिरेपर्यंत सुकली. सरकारी गाडीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सरकारच्या गाड्यांना विम्यातून सूट असते. मालकी बदलली की ती सूट संपते, म्हणजे नव्या मालकाने विमा उतरवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेरही काढू नये. हे संस्थेला कोण सांगणार? त्यामुळे मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० या अर्जांवर दोन्ही बाजूंच्या सह्या, आरटीओतली नोंद, पीयूसी, नवी सुरक्षा नंबरप्लेट आणि पहिल्या वर्षाचा विमा, एवढे झाल्यावरच किल्ली हातात द्यावी. हस्तांतराच्या वेळी काही कर निघत असेल तर सरकारने तो माफ करावा.

लिलाव सोडून अशी वाटावाटी केली तर वशिलेबाजी होईल, अशी शंका रास्त आहे. माझ्या मते तिच्यावर इलाज आहे. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असावी, तिच्या मागच्या तीन वर्षांच्या हिशेबाचे लेखापरीक्षण झालेले असावे, आणि कोणती गाडी कोणाला दिली याची यादी आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर लावावी. गाडी ठरावीक वर्षे विकता येणार नाही, ही अट करारातच घालावी. राजकीय पक्षाशी संबंधित मंडळांना यातून सरळ बाहेर ठेवावे, याबाबतीत मला तडजोड मान्य नाही.

राहिला प्रश्न सरकारी नुकसानीचा. लिलावाची रक्कम राज्याच्या तिजोरीत जाते आणि तिथे ती कुठल्या कुठे विरून जाते. अनेक जिल्ह्यांत पोलिसांना गाड्या मिळतात त्या जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून. जिल्ह्याच्या विकासासाठी आलेल्या पैशातून घेतलेली गाडी आयुष्याच्या उत्तरार्धात त्याच जिल्ह्यातल्या पाड्यावर धावली, तर त्यात कसले नुकसान? जुन्या सरकारी गाड्यांना नवे काम देणे महाराष्ट्राला नवीनही नाही. टाळेबंदीत आमच्या एसटीने जुन्या प्रवासी गाड्यांच्या सीट काढून त्या मालवाहतुकीला लावल्या. पुण्यात जुन्या बसमध्ये महिलांसाठी स्वच्छतागृहे झाली.

एक सूचना मात्र करतो. या गाड्यांवर दुसऱ्याच दिवशी ‘रुग्णवाहिका’ असे रंगवू नये. रुग्णवाहिकेसाठी वेगळी मानके आहेत, ती बोलेरोत स्ट्रेचर कोंबून पूर्ण होत नाहीत. मुलांची ने-आण, वृद्धाश्रमातल्या आजी-आजोबांना डायलिसिसला नेणे, आश्रमशाळेला धान्य पोचवणे, या कामांनाच ती द्यावी.

गृह विभागाने यासाठी शासन निर्णय काढावा आणि सुरुवातीला दोन्ही आयुक्तालयांनी दोन-दोन गाड्या देऊन वर्षभर अनुभव घ्यावा. देण्याआधी गाडी तटस्थपणे तपासायला माणसे हवी असतील तर ठाण्यातले आम्ही काही निवृत्त एसटी मेकॅनिक एक पैसाही न घेता यायला तयार आहोत. इंजिन, गिअर, चासी आणि वायरिंग पाहून लेखी अहवाल देऊ आणि त्याखाली सह्याही करू.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी
कोपरी, ठाणे (पूर्व)