फ्रँकफर्टमध्ये धंदा सुरू करण्यापूर्वी

चि. सोनू हिस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा मी सावकाश, पेन्सिल हातात घेऊन वाचला. फ्रँकफर्टमधील बँकेची नोकरी सोडून, आपल्याकडच्या कारखान्यांच्या कार्बन उत्सर्जनाची माहिती जर्मन आयातदारांना सॉफ्टवेअरमार्फत पुरवणारी स्वतःची कंपनी काढू का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर ‘काढ’ असे आहे आणि बाबांचेही तेच मत आहे. मात्र कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हा क्रम तुझ्या आराखड्यात मला पटला नाही. बँकेच्या कर्जविभागात नोकरी केलेल्या बाईला जे दिसते ते तुला स्पष्टपणे सांगावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शहर तू योग्य निवडले आहेस. १२४० साली सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने फ्रँकफर्टच्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षण दिले आणि १५८५ मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून निरनिराळ्या नाण्यांचे दर ठरवले. आजच्या शेअर बाजाराचे मूळ त्या बैठकीत आहे. रॉथशिल्ड या बँकर घराण्याचा मूळ पुरुष १७४४ मध्ये याच शहरातील ज्यू गल्लीत जन्मला. आज युरोपची मध्यवर्ती बँक, जर्मनीची बुंडेसबँक, सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू आणि आता युरोपीय संघाचे मनी लाँडरिंगविरोधी प्राधिकरणही तिथेच आहे. असे असले तरी त्या काचेच्या मनोऱ्यांपैकी एकही तुझा ग्राहक नाही, हे आराखड्याच्या पहिल्याच पानावर यायला हवे होते. जर्मनीतील गावोगावी पसरलेले यंत्रभागांचे आणि नटबोल्टांचे आयातदार हे तुझे ग्राहक आहेत. फ्रँकफर्टचा तुला उपयोग इतकाच, आणि तो थोडा नाही, की नियम कोळून प्यायलेली माणसे तिथे एका ट्रामच्या अंतरावर भेटतात.

तुझी कल्पना मला मनापासून आवडली. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर त्याच्या उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनानुसार पैसे भरायला लावणारी योजना १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली आहे. हे पैसे भरण्यासाठी आयातदाराने घ्यायच्या प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी २०२७ मध्ये सुरू होईल आणि २०२६ च्या आयातीचा हिशेब त्यानंतर द्यावा लागेल. कारखान्याचे खरे, तपासलेले आकडे आयातदाराकडे नसतील, तर युरोपीय संघाने ठरवलेले मुद्दाम चढे आकडे धरले जातात आणि त्याचा खर्च वाढतो. म्हणजे भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखानदाराकडून खरी माहिती काढून ती तपासणीला टिकेल अशा रूपात मांडणाऱ्या माणसाला जर्मनीत मोल आहे.

या ठिकाणी मला तुझ्यापेक्षा थोडे जास्त ठाऊक आहे. अशा स्क्रू-नटबोल्टच्या युनिटची कर्जप्रकरणे हाताळताना मी त्यांची कागदपत्रे मांडी घालून वाचली आहेत. ज्या तारेपासून बोल्ट बनतो, तिच्या वेटोळ्याला पत्र्याचा छोटा बिल्ला तारेने बांधलेला असतो आणि त्यावर हीट नंबर, म्हणजे ते पोलाद भट्टीच्या कोणत्या खेपेतले याचा क्रमांक, ठोकलेला असतो. वेटोळे सोडताना कामगार तो बिल्ला कापून कोपऱ्यातल्या डब्यात टाकतो. मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मालकाच्या खणात, भट्टीच्या गॅसची बिले अकाउंटंटकडे आणि प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला दिलेले, त्याची चलने तिसरीकडे. बोल्टच्या खात्यावर पडणारे बहुतेक उत्सर्जन मूळ पोलाद तयार होतानाच झालेले असते; त्यामुळे ती तार कोणत्या मिलची आणि ते पोलाद झोतभट्टीतले की भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेले, यावर सगळा हिशेब फिरतो. तू बनवणार असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये सुंदर आलेख आहेत, पण डब्यात पडलेला तो बिल्ला पाठवलेल्या मालाच्या इन्व्हॉइसशी कोण आणि केव्हा जोडणार, याची एकही ओळ नाही. तुझा खरा धंदा तोच आहे. त्यासाठी शॉपफ्लोअरवर मराठीत बोलू शकणारी दोन माणसे इकडे नेमावी लागतील. त्यांचा पगार खर्चात धर.

दुसरी उणीव ग्राहकसंख्येची. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदारांना आता या योजनेतून सूट मिळाली आहे. तू काढलेली यादी जुन्या नियमावर बेतलेली दिसते. त्यात लहान व्यापारी बरेच आहेत आणि त्यांतले बहुतेक गळतील. उरतील ते मोठे, आणि मोठा ग्राहक पैसे उशिरा देतो. म्हणून यादी नव्याने कर, नावानिशी कर, आणि त्यांपैकी दोघांकडून कंपनी काढण्यापूर्वी लेखी घे की काम झाल्यास ते अमुक किमतीला विकत घेतील. माझ्या टेबलावर आलेल्या प्रस्तावांमध्ये यंत्रांची कोटेशने जाडजूड असत आणि खरेदीदाराचे साधे पत्र नसे, तेव्हा मी तो प्रस्ताव पुढे सरकवत नसे.

आता तुझ्या राहण्याच्या परवान्याविषयी. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, तू नोकरीसाठी आहेस. त्यावर स्वतःचा व्यवसाय करायचा तर, तो जोडधंदा असला तरी, परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ब्लू कार्डधारकाला जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी असल्यास २१ महिन्यांनी आणि केवळ ए-१ (अगदी प्राथमिक) असल्यास २७ महिन्यांनी कायम निवासाचा परवाना मागता येतो, आणि तो मिळाला की नोकरी व धंदा दोन्ही मोकळे होतात. तुझी बी-१ परीक्षा झालेली आहे आणि मुदत भरायला फार काळ उरलेला नाही. तेवढा काळ नोकरी सोडू नकोस, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे. धंदा पहिल्या वर्षी अडखळला तर तो सावरता येतो. पण त्याच वेळी देशात राहण्याचा हक्कही लटकत असेल, तर माणूस घाईने वाईट सौदे करतो. दरम्यान तुझा नोकरीचा करार काढून जोडधंद्याविषयीचे आणि नोकरी सोडल्यावर स्पर्धा न करण्याविषयीचे कलम वकिलाला दाखव. बँकेला अंधारात ठेवून संध्याकाळी एक तासही काम करू नकोस. तू जोखीम विभागात आहेस, तिथे हितसंबंध लपवणे फार महागात पडते.

कंपनीच्या प्रकाराबाबत तू लिहिले आहेस की एका युरोच्या भांडवलावर मिनी-जीएमबीएच (जीएमबीएच म्हणजे तिथली मर्यादित जबाबदारीची कंपनी, तिचे हे छोटे रूप) काढता येते, मग पैसे कशाला अडकवायचे. कायद्याने ते बरोबर आहे. २००८ पासून तशी सोय आहे आणि दरवर्षीच्या नफ्याचा चौथा हिस्सा राखीव ठेवत पुढे तिची पूर्ण जीएमबीएच करता येते. तरीही तू पूर्ण जीएमबीएच काढावीस, असे माझे ठाम मत आहे. तिचे भागभांडवल २५,००० युरो, त्यातले निदान १२,५०० नोंदणीपूर्वी खात्यात जमा करायचे. ते पैसे कुलपात पडून राहत नाहीत, नोंदणीनंतर धंद्यात वापरता येतात. नोटरीपुढे जावे लागेल. तो कंपनीचा करारनामा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवतो, कारण कायद्यानेच तसे बंधन आहे. तुला कंटाळा येईल, तरी प्रत्येक कलम ऐक आणि न समजलेले तिथेच विचार. त्यानंतर न्यायालयातील व्यापारी नोंदवहीत तुझे नाव लागेल. ती नोंदवही ऑगस्ट २०२२ पासून कोणालाही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते, आणि लहान कंपनीलाही आपला ताळेबंद दरवर्षी जाहीर करावा लागतो.

तू या सगळ्याला वैताग म्हणतेस. मी त्याच्याकडे कर्ज देणाऱ्याच्या नजरेने पाहते. पुण्यात तू दुकान काढले असतेस तर तुझे आजोळ, बाबांची ओळख, शाळेतल्या मैत्रिणी यांच्या आधारावर पहिली उधारी मिळाली असती. हॅम्बुर्गच्या आयातदाराला आपल्या घराण्याचे काय माहीत असणार? तो रात्री लॅपटॉप उघडून नोंदवहीत तुझी कंपनी शोधेल, भांडवल किती, संचालक कोण, ताळेबंद वेळेवर भरला का, हे पाहील आणि मगच सकाळी फोन करेल. परक्या माणसाला तिथे ओळख देतात ते हे कागदच. म्हणून पहिल्या दिवसापासून हिशेब चांगल्या करसल्लागाराकडे दे आणि त्याच्या फीमध्ये काटकसर करू नकोस.

संचालक म्हणून एक गोष्ट पाठ करून ठेव. कंपनी देणी भागवू शकत नाही अशी स्थिती आली, तर जास्तीत जास्त तीन आठवड्यांत दिवाळखोरीचा अर्ज करणे बंधनकारक आहे. तो चुकवला तर गुन्हा ठरतो आणि मर्यादित जबाबदारीची ढालही तुझ्या हातून जाऊ शकते. पुढच्या महिन्यात मोठे पेमेंट येणार आहे, या आशेवर आपल्याकडे अनेक मालक वर्षभर ढकलत नेतात. तिथे ते चालणार नाही. दर शुक्रवारी, घरी जाण्यापूर्वी, येत्या तेरा आठवड्यांची आवक-जावक लिहून काढण्याची सवय लाव.

करांविषयी फार लिहीत नाही. कंपनी कर, त्यावरचा अधिभार आणि नगरपालिकेचा व्यवसाय कर मिळून फ्रँकफर्टमध्ये नफ्याच्या सुमारे ३२ टक्के जातील, असे धरून चाल. शेजारच्या एशबोर्नमध्ये व्यवसाय कराचा दर कमी आहे, म्हणून मोठमोठ्या संस्थांनी तिकडे बस्तान हलवले. पण तुला अजून नफाच नाही, तेव्हा पत्ता कुठला ठेवावा यावर आठवडा घालवू नकोस. त्यापेक्षा आरोग्यविम्याकडे लक्ष दे. आज हप्त्याचा जवळपास निम्मा भाग बँक भरते, उद्या सगळा हप्ता तुझ्या खिशातून जाईल. स्वस्त दिसतो म्हणून तरुणपणी खाजगी विमा घेऊन बसलीस, तर पुढे सरकारी योजनेत परत येणे अतिशय अवघड होते. निवृत्तिवेतनाचेही पाहा: भारत आणि जर्मनी यांच्यात २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, म्हणून दोन्हीकडच्या वर्गणीच्या नोंदी नीट जपून ठेव.

शेवटी पैशाचे. बाबा आणि मी मिळून तुला भांडवलाचे पहिले १२,५०० युरो देऊ. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली प्रत्येकाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेव्हा त्यात अडचण नाही. रक्कम बँकेमार्फत, भेट म्हणून आणि साध्या भेटपत्रासह येईल, म्हणजे तिथल्या बँकेने स्रोत विचारला तर तुला कागद दाखवता येईल. उरलेले तू तुझ्या बचतीतून घाल, आणि सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात ठेव, त्याला कंपनीने हात लावायचा नाही. पुण्याचे घर तारण ठेवण्याचा विषय तू काढला होतास, तो मात्र आम्हाला मान्य नाही. तुझ्या धाकट्या भावाचाही त्या घरावर हक्क आहे आणि आमचे म्हातारपण तिथेच जायचे आहे. तुला नाही म्हणताना मला वाईट वाटते, पण कर्जविभागातल्या खुर्चीत बसून मी परक्यांना जे सांगितले, त्याहून वेगळे तुला सांगणार नाही.

नवी ग्राहकयादी, नोकरीच्या करारातील ती दोन कलमे आणि तेरा आठवड्यांचा पहिला तक्ता मला पाठव. माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराशी बोलून ठेवले आहे. दिवाळीत येशील तेव्हा दोन दिवस त्यांच्या शॉपफ्लोअरवर काढ, ते सर्व कागद उघडे करून दाखवायला तयार आहेत.

तुझी,
आई