इंजिन बदललेली प्रत्येक जीप बेकायदा नसते

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या अंकात जुन्या जीपांवर तुम्ही जी बातमी छापली ती वाचून डोकं तापलं, म्हणून एक रात्र जाऊ दिली आणि आज लिहायला बसलो. इंजिन बदललेल्या सगळ्या जीपा बेकायदा, सगळ्या भंगारात घाला, असं सरसकट लिहून तुमचे प्रतिनिधी मोकळे झाले. त्यांचं काय जातं हो, भोगायचं आम्हाला.

काल सकाळी माझ्या जीपच्या कामासाठी आरटीओ ऑफिसात गेलो तर टेबलावर तुमचाच पेपर पसरलेला. माझी फाईल उघडलीसुद्धा नाही, बातमीवर बोट ठेवून तिथले साहेब म्हणले, "हे वाचलं नाही का? इंजिन बदललेली गाडी पास होत नसते." मी मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या बदलाबद्दलचं कलम 52 काढून दाखवतोय आणि ते मला तुमची बातमी दाखवतायत. आता सांगा, कायदा मोठा का बातमी?

माझी जीप महिंद्राची एमएम 540 आहे, 1991 ची, वडिलांनी घेतलेली. तिच्यात कंपनीनं बसवलेलं पेजोचं एक्सडीपी 4.90 डिझेल इंजिन, 2112 सीसीचं. या इंजिनाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या, पाण्यात असतात, खालचं सील गेलं की पाणी सरळ ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. माझ्या गाडीचं तेच झालं, डिपस्टिक ओढली तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं, आणि मिस्त्रीनं हेड उतरवलं तर ब्लॉकलाच तडा. लायनर बदलता येतो, हेडला फेस मारता येतो, तडकलेल्या ब्लॉकचं काय करणार?

मिस्त्री म्हणला महिंद्राचंच दुसरं, डीआय इंजिन टाका. त्याचं म्हणणं धंद्याच्या हिशोबानं बरोबर होतं, डीआय कमांडरला होतं, मार्शलला होतं, बोलेरोला होतं, त्याचा पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतो, एक्सडीपीचं साधं गॅस्केट पाहिजे तरी दहा दुकानं पालथी घालावी लागतात. पण मी नाही म्हणलो. डीआय 2523 सीसीचं, आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, 2112, म्हणजे कागद एक आणि बॉनेटखाली भलतंच. शिवाय ते ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या वंशातलं, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 101.6 मिलिमीटरचा, एक्सडीपीचा 83. खालून ओढतं लई जोरात पण त्याला पळायचं नसतं, आणि जीपचे गिअर पडले छोटे, मग हायवेला सत्तरच्या पुढं नुसता आरडाओरडा. इंजिनाचं फाउंडेशन कापून नवीन वेल्डिंग करा, इंजिन गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बेल हाउसिंगला प्लेट लावा, पुढच्या स्प्रिंगचे पाटे वाढवा, एवढं सगळं आलं.

म्हणून मी तेच इंजिन शोधलं. सरकारी लिलावात निघालेल्या एमएम 540 चं एक्सडीपी, रीतसर बिल, मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद, सगळं सोबत. बसवताना मी स्वतः गॅरेजात उभा होतो. चेन पुलीला इंजिन लटकलेलं, मिस्त्रीनं क्लच प्लेट आधी लाकडी दांड्यानं मधोमध धरली, मग इंजिन हातानं हलवत हलवत गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवलं, आणि बेल हाउसिंगचे बोल्ट एकाला एक बसले, कुठं कापाकापी नाही, वेल्डिंगचा एक टाका नाही. हीटर धरला, दुसऱ्या सेल्फला उठलं. फोर बाय फोरचा दांडा, लो गिअर, सगळं कंपनीचं होतं तसंच. याला तुम्ही मॉडिफिकेशन म्हणता?

कलम 52 काय म्हणतं ते तुमच्या प्रतिनिधीनं वाचलं असतं तर बरं झालं असतं. आरसीतला तपशील कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करू नका, हे त्यात आहे. अल्टरेशन म्हणजे गाडीच्या रचनेत असा बदल की तिचं मूळ स्वरूपच बदलतं, हे पण त्यातच आहे. बदल केला तर 14 दिवसांत आरटीओला कळवा, आरसी द्या, फी भरा, नोंद करून घ्या, हेही आहे. मी नेमकं हेच करायला जातोय! फक्त इंजिनाचा नंबर वेगळा झालाय, ब्लॉकवरचा ऑइलचा थर वायरब्रशनं घासून नंबर स्वच्छ केलाय, कोणीही येऊन नंबरचा ठसा घ्यावा. गाडी बघायलाच कोणी बाहेर येत नाही. आणि गेटवरचा एजंट म्हणतो, गाडी आणायची पण गरज नाही, पैसे द्या, नोंद होऊन जाईल. बातमी याच्यावर पाहिजे होती साहेब.

चुकीच्या कामाबद्दल तुम्ही लिहिलं ते मला मान्य आहे. कुठून तरी चोरीचं इंजिन आणायचं, खोटा नंबर पंच करायचा, चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक तसेच ठेवून डबल ताकदीचं टर्बो इंजिन कोंबायचं, ती गाडी घाटात थांबणार कशी? अशांवर 2019 पासून कलम 182 अ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागं 5,000 दंड किंवा दोन्ही, लावा ना. पण तो माणूस आरटीओत येतच नाही. येतो तो माझ्यासारखा, कागद घेऊन, आणि हाकलला पण तोच जातो.

आणि 15 वर्षं झालेली गाडी भंगार, हे काय लिहिलंय? 10 वर्षांची डिझेल, 15 वर्षांची पेट्रोल बंद, हा नियम दिल्ली परिसरासाठी निघाला होता. आपल्याकडं खासगी गाडी 15 वर्षांनी पास झाली की पुढं पाच पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. 20 वर्षांवरच्या कारजीपची फी 2025 मध्ये 5,000 ची 10,000 केली, वर पर्यावरण कर, ते आम्ही भरतोच. एवढं घेऊन वर भंगार म्हणायचं?

कामून एवढा जीव जीपवर, असं शहरातल्या माणसाला वाटेल. आमचं वावर डोंगराच्या कडेला, अलीकडं काळी माती, बरसातीत ट्रॅक्टरसुद्धा रुततो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तेव्हा आमच्या वस्तीवरचं दूध, आजारी माणसं, दोन शेरडं पण, याच जीपनं लो गिअरमध्ये चिखलातून डांबरीपर्यंत काढली. नवीन फोर बाय फोर घ्यायची म्हणलं तर दहा लाखाच्या पुढंच बोलावं लागतं. सोयाबीनच्या भावात कुठून आणायचे?

अजून एक. जिल्ह्याच्या पानावर पूर्वी शेतीचं, गावचं काही वाचायला मिळायचं, आता अर्ध्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि उरलेल्या जागेत ऐकीव बातम्या. जाहिरात घ्या, पेपर चालला पाहिजे, पण आरटीओची बातमी द्यायची तर एकदा गॅरेजात जाऊन मिस्त्रीला तरी विचारावं.

माझी विनंती एवढीच की त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात खुलासा छापा, की त्याच मेकचं, त्याच टाइपचं इंजिन परवानगीनं बदलून आरसीवर नोंदवता येतं आणि त्याला कोणते कागद लागतात. सोमवारी परत जायचंय, तोवर छापला तर कात्रण फाईलला लावतो.

आपला नियमित वाचक,
बालाघाट डोंगरपट्ट्यातला एक शेतकरी
(नाव छापू नये, काम अजून अडकलेलं आहे.)