मामा, ती कोमट खळ

मामा,

माझ्या एम.टेक.च्या प्रबंधात तुमचं नाव नाही. आभाराचं पान ठरलेलं असतं: मार्गदर्शक, विभागप्रमुख, प्राचार्य आणि तळाशी 'प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी'. त्या 'सर्व'मध्ये तुम्ही. ते अजून खुपतंय, म्हणून हे पत्र.

गुरुवारी डाईंगवाल्यांचं, कापड रंगवणाऱ्यांचं, सांडपाणी मिळालं. नमुना शिळा करून चालत नाही, म्हणून लगेच पातळ करून ३०० मिलीच्या बाटल्यांत भरला आणि २७ अंशांवर ठेवला. बीओडीचे, म्हणजे जिवाणू पाण्यातला किती ऑक्सिजन खातात ते मोजायच्या चाचणीचे, ३ दिवस भरत होते रविवारी, आणि रविवारी कुलूप. किल्लीसाठी चार दारं फिरले. एका साहेबांनी मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "सोमवारी बघ, एका दिवसानं काय होतंय?" हा पर्यावरण अभियांत्रिकी शिकवणारा माणूस! बाटलीतले जिवाणू रविवारी सुट्टी घेतात, हे त्यांच्याकडूनच कळलं.

जिन्यात तुम्ही विचारलंत, "रडालीस का गं?" मी सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात.

रविवारी नऊला आले तर दार उघडं आणि टेबलावर झाकलेलं बीकर. हात लावला, कोमट होतं. उरलेला ऑक्सिजन थेंबाथेंबानं रसायन सोडून मोजायचा, त्या टायट्रेशनला स्टार्च ताजा लागतो, तो तुम्ही आधीच येऊन उकळून ठेवला होता. मी सांगितलं नव्हतं, मामा. दार कुणी विनवण्या केल्यावरही उघडलं असतं कदाचित. स्टार्च कोण करून ठेवतं?

"ही तर खळ," तुम्ही म्हणालात, "आमच्यात मागावर ताण्याला लावायचे." कापड धुताना हीच खळ पाण्यात उतरते, जिवाणू तिच्यावर तुटून पडतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. पुस्तकात 'डिसायझिंग' म्हणून मी हे पाठ केलं होतं. ते आपल्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घराघरांतलं आहे, हे त्या दिवशी उमजलं. नंतर फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवून तुम्ही शेजारी उभे राहिलात. स्टार्चनं आलेला निळा रंग जाईपर्यंत एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

सज्जन माणसं आपल्याकडे ढिगानं आहेत. सहीचा अधिकार तेवढा त्यांच्याकडे नसतो.

आता मीही एका प्रयोगशाळेत पाणी तपासते. पण तुमच्यासारखी काचेसारखी खळ काही जमत नाही, गुठळ्या राहतात. पुढच्या रविवारी घरी येते. दाखवाल?