ताटाची डावी बाजू

प्रिय मनू,

तुझ्या सासूबाईंनी थँक्सगिव्हिंगचं स्टफिंग, म्हणजे टर्कीबरोबर वाढतात ते पावाच्या तुकड्यांचं भाजलेलं मिश्रण, तुझ्या गळ्यात घातलं आणि वर "जरा तिखट कर" असंही सांगितलं. म्हणजे एकतर त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, नाहीतर त्यांना स्वतःच्या नेहमीच्या स्टफिंगचा कंटाळा आलाय. दोन्ही गोष्टी तुझ्या फायद्याच्याच. तू फोनवर विचारलंस, "बाबा, तिखट म्हणजे किती?" याचं उत्तर गाडी चालवता चालवता देण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. आई म्हणते, रेसिपी मागितली तर हा निबंध पाठवतो. म्हणू दे.

किती ते नंतर बघू, आधी तिखट कशाला ते बघ. त्या दिवशीचं ताट डोळ्यांपुढे आण. टर्की दिसायला राजेशाही, चवीला अळणीच्या जवळपास. घोटलेला बटाटा, लोण्यातला मका. रताळ्यांवर मार्शमेलो, म्हणजे गोडावर गोड. क्रॅनबेरी तेवढी आंबटगोड. सगळं मऊ आणि सगळं सौम्य. आपला वरणभात कितीही साधा असला तरी मिठाशेजारी चटणी, लोणचं, कोशिंबीर असते आणि दोन घासांमागे एकदा बोट तिकडे जातंच. अमेरिकन ताटाला ही डावी बाजू नसते. ती जागा तू भरायची आहेस. एक घास खाल्ल्यावर जीभ जागी व्हावी आणि पुढचा घास टर्कीचा घ्यावासा वाटावा, इतपत तिखट. कुणाला पाणी प्यावं लागलं तर तुझा हात सुटला असं समज. आणि सगळे जण टर्की सोडून तुझंच स्टफिंग खात बसले, तर तेही फारसं बरं नाही. सासूबाई पहाटेपासून त्या पक्ष्यामागे असतात.

आता पहिला नियम: गरम मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही. इथे आपल्या ओळखीतली माणसं काय करतात ते मला ठाऊक आहे. दुकानातलं सौम्य सॉसेज आणायचं, पाव, कांदा, सेलरी सगळं एकत्र करायचं, आणि शेवटी चव पाहून वरून लाल तिखट, गरम मसाला, हिरवी मिरची. मग त्या पावाला कच्च्या मसाल्याचा वास येतो, आत सॉसेज मात्र फिकंच. तिखट सॉसेजमध्ये हवं. मांस परतताना ते चरबीत उतरतं, चरबी कांद्याला लागते, आणि पाव ती पिऊन घेतो. या वाटेने आलेलं तिखट गोल असतं, टोचत नाही.

सॉसेज कुठलं, यावर जरा थांबतो, कारण सगळी मेख इथेच आहे. तुझ्या ओहायोतल्या कोलंबसच्या कुठल्याही ग्रोसरीत चार प्रकार मिळतील. एक, सेज नावाचा सुगंधी पाला घातलेलं ब्रेकफास्ट सॉसेज, प्लॅस्टिकच्या नळकांड्यात येतं. सासूबाईंकडे बहुधा हेच असणार. चांगलं आहे, पण तिखट नाही. दोन, हॉट इटालियन. त्यात बडीशेप आणि सुकी लाल मिरची असते. पहिल्यांदा करणाऱ्याने डोळे मिटून हे घ्यावं. तीन, मेक्सिकन चोरिसो. कच्चं, मऊ, मिरची आणि व्हिनेगर घातलेलं. चव आपल्या गोव्याच्या चोरीसच्या, म्हणजे तिथल्या तिखट-आंबट पोर्क सॉसेजच्या, जवळ जाते, पण पाकिटामागचे घटक वाचून घे. स्वस्तातल्या मालात मांसापेक्षा इतरच गोष्टी जास्त असतात आणि तव्यावर त्याचं नुसतं केशरी तेल होतं. मेक्सिकन दुकानातल्या खाटकाकडून सुटं घेतलंस तर उत्तम. चार, पोर्तुगीज शोरीसू. धुरावलेलं, घट्ट, पाप्रिका आणि लसणाचं. न्यू जर्सीतल्या नुअर्कच्या आयर्नबाउंड या पोर्तुगीज वस्तीत फेरी स्ट्रीटवर मी जातो ते याच्यासाठी. पण ते कुस्करत नाही, बारीक तुकडे करावे लागतात, आणि नावाने आपलं वाटलं तरी बहुधा फारसं तिखट नसतं. चवीला मूठभर घाल, सगळा भार त्याच्यावर टाकू नकोस.

गोव्याहून चोरीस मागवण्याचा विचार तुझ्या डोक्यात आला असेलच. सोड. भारतातून आणलेलं डुकराचं मांस विमानतळावर काढून घेतात, आणि न सांगता आणलं तर वर दंड. मडगावात आमच्या घरी डुक्कर शिजत नसे. शेजारच्या ख्रिस्तांव घरातून नाताळात नेवऱ्या-दोदोलचं ताट यायचं, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी चोरीस-पाव खायचो. आजीला माहीत होतं, तिने कधी विचारलं नाही. त्या पावाचं लक्षात राहिलंय ते असं: चोरीस शिजताना त्याचं लालभडक तेल सुटायचं, त्यात लसूण आणि माडाच्या व्हिनेगरचा आंबट वास, आणि पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव फोडून आतल्या बाजूने त्यात दाबला की कड कडक आणि गाभा लाल. स्टफिंग म्हणजे निराळं काय असतं? शिळा पाव आणि डुकराची चरबी. म्हणून मला इथे आल्यावर टर्कीपेक्षा स्टफिंग आधी आवडलं. तेही लाल डब्यातलं तयार 'स्टोव्ह टॉप'; १९७२ पासून मिळणारं ते पाच मिनिटांचं प्रकरण. अजूनही मी त्याला नावं ठेवत नाही.

तर चोरीस मिळत नाही, पण त्याचा मसाला घरी होतो. एक पौंड पोर्कचा खिमा घे, चरबीसकट. "लीन" लिहिलेला नको. आठ-दहा काश्मिरी मिरच्या बिया काढून पाव कप व्हिनेगरमध्ये तासभर भिजव. फिलिपिनो दुकानात नारळाचं व्हिनेगर मिळतं, ते नसेल तर अ‍ॅपल सायडरचं चालेल. मिरच्या, सात-आठ पाकळ्या लसूण, इंचभर आलं, अर्धा चमचा जिरं, आठ मिरी, तीन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा, पाव चमचा हळद, सव्वा चमचा मीठ, चिमूटभर साखर. भिजवलेलं व्हिनेगर लागेल तेवढंच घालून घट्ट वाटण कर, खिम्यात हाताने कालव आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. चोरीस आतड्यात भरून, उन्हा-धुरात वाळवून मुरतं. हे तसं नाही, हा ताजा खिमा आहे, पूर्ण शिजवूनच खायचा. मीठ-तिखट कळायला एक लहानशी वडी तव्यावर भाजून खाऊन बघ. कच्चं चाखू नकोस.

मी काय करतो विचारशील, तर अर्धं हॉट इटालियन आणि अर्धा हा खिमा. बडीशेप आणि व्हिनेगर एकमेकांशी छान जमवून घेतात, आणि सासूबाईंच्या पाहुण्यांना ओळखीचं काहीतरी सापडतं.

पाव. सँडविचचा मऊ पाव नको, त्याचा लगदा होतो. सावरडो (आंबवलेल्या पिठाचा पाव) किंवा इटालियन लोफ, एक पौंड. पाऊण इंचाचे तुकडे हातानेच तोड. सुरीने कापलेले गुळगुळीत होतात, तोडलेल्यांच्या कडा खरखरीत राहतात आणि त्याच नंतर कुरकुरीत होतात. नुसता शिळा पाव पुरत नाही. शिळा पाव चिवट असतो, आपल्याला कोरडा हवा. २७५ फॅरनहाइटवर मोठ्या ट्रेमध्ये पसरून पाऊण तास, मध्ये एकदा हलवून. तुकडा दाबला की आतपर्यंत कडक लागला पाहिजे. लाल करायचा नाही, टोस्ट नव्हे तो.

मोठी कढई किंवा बिडाचं पॅन तापव. इटालियन सॉसेजच्या सालीवर सुरीचं टोक ओढ, साल सोलून टाक, मांस पॅनमध्ये घाल, खिमाही घाल. लाकडी उलथन्याने मोड आणि मग हात मागे घे. सारखं ढवळलंस तर पाणी सुटून ते उकडतं. तीन-चार मिनिटं तसंच राहू दे, तडतड आवाज चढेल, खालची बाजू गडद तांबूस होईल, मगच परत. शिजलं की झाऱ्याने काढून घे. पॅनमध्ये केशरी चरबी उरेल. दोनतीन मोठे चमचे ठेव, जास्त असेल तर काढ. त्यात अर्धी कांडी (चार मोठे चमचे) बिनमिठाचं लोणी, दोन मोठे कांदे, सेलरीच्या तीन दांड्या बारीक चिरून. कांदा काचेसारखा झाला की पुरे. सेजची सातआठ पानं चिरून आणि थोडं थाइम (तसाच एक सुगंधी पाला) घाल. सेज सोडू नकोस. आपल्याला त्याचा वास औषधी वाटतो, पण त्यांच्या नाकाला थँक्सगिव्हिंग त्यावरूनच कळतं. मग कपभर चिकन ब्रॉथ (कोंबडी उकळून काढलेलं पाणी) ओतून तळाला लागलेलं सगळं खरवडून घे. ती खरवड टाकलीस तर अर्धी चव टाकलीस.

ब्रॉथ कमी मिठाचाच आण. सॉसेज खारट, ग्रेव्ही खारट, त्यात हाही खारट असला तर संपलं.

आता प्रवास. तू क्लीव्हलँडला जाणार, म्हणजे दोन तासांवर गाडी, आणि त्या आठवड्यात त्याहून जास्तच. घरून भाजून गरमगरम न्यायचं मनात आणू नकोस. शिजलेलं अन्न दोन तासांवर बाहेर ठेवू नये, असं इथलं कृषी खातं दरवर्षी कंठशोष करून सांगतं, आणि परत गरम केलेलं स्टफिंग वाळकंही होतं. बुधवारी रात्री सॉसेज-कांद्याचं मिश्रण गार करून डब्यात, फ्रिजमध्ये. सकाळी बर्फाच्या पेटीतून ने. कोरडा पाव पिशवीत वेगळा. दोन अंडी आणि ब्रॉथचं खोकं बरोबर. मिसळायचं तिथे पोचल्यावर, भट्टीत घालायच्या आधी.

मिसळताना अंडी दोन कप ब्रॉथमध्ये फेट, पाव आणि सॉसेजवर ओत, हाताने खालीवर कर आणि दहा मिनिटं थांब. एक तुकडा दाबून बघ: मधोमध ओलसर, पण बोटांतून पाणी गळत नाही, एवढं हवं. कोरडा वाटला तर अर्धा-अर्धा कप ब्रॉथ वाढव. ९ बाय १३च्या पॅनमध्ये सैलसर पसर, दाबून बसवू नकोस. ३५० फॅरनहाइट, फॉइल लावून अर्धा तास, फॉइल काढून पंधरा-वीस मिनिटं. मध्यभागी थर्मामीटर १६५ दाखवेल तेव्हा झालं.

भट्टी एकच आणि तीत टर्की, मग हे कधी भाजायचं? टर्की बाहेर काढल्यावर कापायच्या आधी अर्धापाऊण तास तशीच ठेवावी लागते. तो वेळ तुझा. सासूबाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेव, आयत्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात हक्क दाखवू नकोस. आणि त्या म्हणाल्या की टर्कीच्या पोटात भरूया, तर गोड बोलून नको म्हण. पोटातल्या स्टफिंगमध्ये कच्च्या पक्ष्याचा रस उतरतो. ते १६५ला पोचेपर्यंत छातीचं मांस लाकूड होतं, आणि तुझी कुरकुरीत कड तर मिळतच नाही.

त्यांच्या घरच्या पद्धतीचं काही असेल तर मोडू नकोस हं. दक्षिणेत कॉर्नब्रेड, किनाऱ्याकडे कालवं, मिनेसोटात वाइल्ड राइस, पेनसिल्व्हेनियात बटाटा. प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. ज्या देशात या सणाचा गुरुवार कुठला यावरही भांडण झालं, आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३९मध्ये तो आठवडाभर अलीकडे ओढल्यावर शेवटी १९४१ साली अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवावा लागला, तिथे स्टफिंगवरून वाद न झाला तरच नवल. तेव्हा त्यांचं सेजवालं एक लहान पॅन असू दे, शेजारी तुझं. कुणी पोर्क खात नसेल तर पाव वेगळा काढून मशरूम, कांदा आणि तोच व्हिनेगर-मिरचीचा मसाला लोण्यात परतून छोटी थाळी भाज. त्याला व्हेज ब्रॉथ वापरायचा, हे विसरणारे बरेच असतात.

उरलं तर तीनचार दिवस फ्रिजमध्ये टिकतं. शुक्रवारी सकाळी त्याचा जाड तुकडा थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी खमंग कर आणि वर अर्धकच्चं अंडं घाल. जावईबापू दुकानांतल्या सेलच्या गर्दीत गेले असतील तर त्यांच्यासाठी ठेव, नाहीतर त्यांचा तुकडाही तूच खा. मिरच्या इथे चांगल्या मिळाल्यात, उद्या पार्सलने पाठवतो. व्हिनेगर मात्र तिकडेच शोध, मागच्या वेळी बाटली फुटून आईच्या चकल्यांचं काय झालं ते तुला माहीत आहे.

तुझा,
बाबा