यूडीपीची तपासणी टेलनेटने होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमरावती, यवतमाळ, वाशिमकडच्या संत्रा-कपाशीच्या शेतांत मातीतला ओलावा मोजून सिमवरून आकडे पाठवणारी यंत्रे आता दिसू लागली आहेत. मोबाइलवर आकडे येईनासे झाले की बसवणारा मुलगा टेलनेट (दूरच्या सर्व्हरशी जोडणी करून बघण्याची आज्ञा) लावून बघतो, जोडणी होत नाही म्हणून ‘सर्व्हर बंद आहे’ असे सांगतो आणि निघून जातो. तोवर शेतकऱ्याचे ओलित अंदाजावर. यंत्र यूडीपीवर, म्हणजे आधी जोडणी न करता संदेश सोडण्याच्या पद्धतीने, बोलत असेल तर ही तपासणीच चुकीची आहे. टेलनेट फक्त टीसीपीवर, म्हणजे आधी जोडणी करून बोलण्याच्या पद्धतीवर, चालते. विंडोजमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञासुद्धा टीसीपीचेच पोर्ट (मशीनवरच्या प्रोग्रामचे क्रमांकाचे दार) बघते.

यूडीपीत जोडणी हा प्रकारच नाही. पाठवणारा आठ बाइटांचे शीर्ष (हेडर) लावून पॅकेट, म्हणजे संदेशाचे पुडके, सोडून देतो. पोचले की वाटेत हरवले, याची पावती कुणी देत नाही. त्यामुळे तपासायला नेटकॅट, म्हणजे टीसीपी-यूडीपी दोन्हींवर संदेश पाठवणारे आणि ऐकणारे ‘एनसी’ हे साधन हवे. लिनक्सवर ते सहज मिळते, अँड्रॉइडवर टर्मक्स या आज्ञा टाइप करायच्या ॲपमध्ये ‘नेटकॅट-ओपनबीएसडी’ हे पॅकेज टाकावे, विंडोजवर एनमॅपसोबत येणारे एनकॅट चालते. इंग्रजी अक्षरांत एनसी, मग डॅश यू (यूडीपीसाठी), मग सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट टाइप करून एंटर दाबायचे. पडद्यावर काहीच उमटत नाही, हे बरोबरच आहे. अजून एकही पॅकेट गेलेले नसते. एक ओळ लिहून एंटर दाबले की एक पॅकेट जाते. त्यासोबत ओळ संपल्याची खूणही जाते, आणि नेमका संदेश मागणारा सर्व्हर तेवढ्यावरून तो टाकून देतो. अशा वेळी मजकूर जसाच्या तसा देणाऱ्या प्रिंटएफ या आज्ञेने संदेश तयार करून पाइपने (उभ्या रेघेच्या खुणेने) एनसीला द्यावा आणि डॅश डब्ल्यू २ लावावे, म्हणजे दोन सेकंद उत्तराची वाट पाहून ते बंद होते. शेतात रेंज जेमतेम असते, म्हणून १ ते १० आकडे घातलेले दहा संदेश पाठवून किती पोचले ते मोजावे. एकाच पॅकेटवरून निकाल देऊ नये.

सर्वांत जास्त फसगत डॅश झेडने, म्हणजे एनसीच्या नुसते पोर्ट तपासण्याच्या पर्यायाने, होते. ‘सक्सीडेड’ असे उमटते आणि सगळे खूश होतात. त्याचा अर्थ एवढाच, की ‘पोर्ट बंद आहे’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवण्याची पद्धत) निरोप परत आला नाही. फायरवॉलने (नको ती पॅकेटे अडवणाऱ्या व्यवस्थेने) पॅकेट मुकाट गिळले तरी हेच उमटते. उलट ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले तर पॅकेट बहुधा त्या मशीनपर्यंत पोचले आहे, फक्त त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम चालू नाही.

म्हणून खरा निकाल सर्व्हरच्या बाजूनेच लागतो. तिथे टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन; नाव तसे असले तरी यूडीपीही दाखवते) लावून त्या यूडीपी पोर्टवर पॅकेट येते का ते बघा. दिसतच नसेल तर दोष सिम, वाट किंवा क्लाउडच्या फायरवॉलमध्ये शोधा. यंत्रांसाठीच्या सिमवर बऱ्याचदा ठरलेल्याच पत्त्यांशी बोलण्याची मुभा असते, हेही विसरू नका. पॅकेट दिसते पण प्रोग्रामला मिळत नसेल, तर मशीनच्या फायरवॉलमध्ये पोर्ट फक्त टीसीपीसाठी उघडलेले असते, नाहीतर प्रोग्राम १२७.०.०.१ वरच, म्हणजे मशीनच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर, ऐकत असतो. दुसरी बाब ऐकणारी यूडीपी पोर्टे दाखवणाऱ्या ‘एसएस डॅश एलयूएन’ या आज्ञेने लगेच कळते. ऐकायला एनसीच बसवले असेल तर डॅश के लावा. नाहीतर ओपनबीएसडीचे एनसी पहिल्या पाठवणाऱ्याशीच बांधले जाते आणि दुसऱ्या यंत्राचे ऐकतच नाही.

मोटर चालू-बंद करण्याचा हुकूम सर्व्हरकडून उलटा येत असेल, तर आणखी एक अडचण. वाटेतला नॅट, म्हणजे आतल्या यंत्रांचे पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणारा भाग, परतीची नोंद थोडाच वेळ ठेवतो; लिनक्सच्या राउटरवर एकतर्फी यूडीपीसाठी ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते. यंत्राने मधूनमधून छोटा संदेश पाठवला नाही, तर हुकूम यंत्रापर्यंत येतच नाही.

यंत्र बसवणाऱ्यांनी सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, चाचणीचा एक संदेश आणि त्याला येणारे नेमके उत्तर शेतकऱ्याला कागदावर लिहून द्यावे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ही अट खरेदीच्या करारातच घालावी. आयटीआयमध्ये याचे प्रात्यक्षिक एका वाय-फायवरच्या दोन मोबाइलवर घेता येते, त्याला वेगळा खर्च लागत नाही.

– एक संगणक निदेशक, ता. वरुड, जि. अमरावती