ऑर्केस्ट्रातला बेस का हरवतो आणि का गुणगुणतो

महोदय,

गणेशोत्सव-नवरात्र जवळ आले की ऑर्केस्ट्रांच्या तालमी सुरू होतात आणि बेस गिटारविषयीच्या दोन तक्रारीही. तालमीच्या खोलीत दणदणीत वाटणारा बेस मैदानावर ऐकूच येत नाही, आणि गाणे थांबले तरी स्पीकरमधली गुणगुण थांबत नाही. दुकानातला सल्ला ठरलेला असतो : महागातली गिटार घ्या, नाहीतर पिकअप बदला. वाद्यांवर लिहिणाऱ्या पुरवण्या लाकडाच्या जातीवर रकाने भरतात. पिकअप (तारेची हालचाल विजेत बदलणारे चुंबक आणि गुंडाळी) ब्रिजपासून, म्हणजे तारांच्या बुडाकडच्या टेकूपासून, किती इंचांवर आहे आणि आतल्या वायरी कुठे डाखल्या (सोल्डर केल्या) आहेत, हे मात्र कुणी सांगत नाही. बहुतेक वेळा दोन्ही तक्रारींचे मूळ तिथेच असते.

आधी गुणगुणीविषयी, कारण तिला आपल्याकडे एक खास संदर्भ आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला वाजणारा जी हा स्वर ४९ हर्ट्झचा आणि मोकळी जी तार ९८ ची. म्हणजे विजेची गुणगुण आणि तिची १०० हर्ट्झची दुप्पट या दोन्ही बेसच्या स्वरांना जवळजवळ चिकटून बसतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्याने तिथे ती ए शार्प आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी पडते. म्हणून मिक्सरवर ५० हर्ट्झ कापून गुणगुण घालवू पाहणारा साउंडवाला तिच्याबरोबर जी स्वराचा पायाही कापतो. ही व्याधी गिटारमध्येच मारावी लागते.

फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने १९५७ साली आपल्या प्रिसिजन बेसला दोन तुकड्यांचा पिकअप दिला तो यासाठीच. एक तुकडा ई-ए तारांखाली, दुसरा डी-जी खाली. दोघांची चुंबके उलटसुलट, गुंडाळीही उलटसुलट, आणि जोडणी सीरिजमध्ये, म्हणजे एकापुढे एक. तारेचा आवाज तसाच राहतो, बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींना खोडते. त्याच कंपनीच्या १९६० च्या जॅझ बेसमध्ये हेच काम दोन स्वतंत्र पिकअपमध्ये वाटले आहे. त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे असतील तरच गुणगुण जाते. एक बंद केला की ती परत येते. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे.

बिघाड होतो तो पिकअप सुटे आणून बसवताना. नेक (दांड्याकडचा) आणि ब्रिज (ब्रिजकडचा) अशी जोडी न घेता दोन ठिकाणांहून एकेक पिकअप आणला, तर दोन्हींची चुंबके एकाच दिशेची निघू शकतात. तपासणी सोपी आहे. दोन पिकअपची तोंडे हलकेच जवळ आणा. ओढले गेले तर जोडी बरोबर, ढकलले गेले तर गुणगुण खोडली जाणार नाही. (ढकलत असतील तर दाबून धरू नका, चुंबक कमजोर होते.) मापाचाही घोळ होतो : जॅझ बेसचा नेक पिकअप ब्रिजवाल्यापेक्षा किंचित आखूड असतो, त्यामुळे एकाच मापाचे दोन घेतले तर एक खाचेत बसत नाही किंवा सैल राहतो.

चुंबके बरोबर असूनही एका पिकअपच्या दोन वायरी उलट डाखल्या गेल्या तर दोन्ही एकत्र उघडताच आवाज पत्र्यासारखा पातळ होतो, खालचा स्वर गायब होतो आणि गुणगुण मात्र खोडली जात नाही. यासाठी काट्याचा जुना मीटर डिजिटलपेक्षा बरा. सर्वांत खालच्या डीसी रेंजवर ठेवा, पिकअपच्या गरम (सिग्नलच्या) वायरीला लाल टोक लावा, लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर पोलजवळ (चुंबकाच्या टोकाजवळ) झटकन न्या आणि काटा कुठे उडतो ते पाहा. दुसऱ्या पिकअपवर काटा उलट दिशेला उडाला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. मात्र पिकअपचे धातूचे आवरण किंवा खालचा पत्रा थंड (अर्थच्या) वायरीला जोडलेला असेल, तर आधी तो वेगळा करून सरळ अर्थला न्यावा लागतो, नाहीतर अदलाबदलीनंतर आवरणच सिग्नलला जोडले जाते.

आता मैदानात हरवणाऱ्या बेसकडे. बेसची तार साधारण ३४ इंचांची. ब्रिजपाशी ती घट्ट बांधलेली असल्याने तिथे मूळ स्वराची हालचाल सर्वांत कमी. पिकअप ब्रिजपासून ६ इंचांवर असेल तर मोकळ्या तारेच्या मूळ स्वराच्या कमाल हालचालीचा जवळपास ५३ टक्के भाग त्याच्या वाट्याला येतो, २.४ इंचांवर असेल तर जेमतेम २२ टक्के. जॅझ बेसचे दोन पिकअप साधारण याच अंतरांवर असतात. ७० च्या दशकात फेंडरने ब्रिज पिकअप आणखी सुमारे एक सेंटिमीटर ब्रिजकडे सरकवला. एवढ्याशा बदलाने मूळ स्वर सुमारे एक षष्ठांशाने घटतो. ‘सत्तरचा’ जॅझ बेस कणखर वाजतो तो बराचसा यामुळे.

प्रत्येक जागेला एक बहिरा बिंदूही असतो. ६ इंचांवरच्या पिकअपला ई तारेवर २३३ हर्ट्झच्या आसपासचे काही ऐकू येत नाही, ए तारेवर ३१२, डी वर ४१६, जी वर ५५५. कुठलाही फ्रेट दाबा, हा आकडा त्या तारेपुरता बदलत नाही. ‘अमुक फ्रेटच्या जागी बसवलेला पिकअप गोड वाजतो’ ही लोकप्रिय समजूत म्हणूनच पोकळ आहे : ती फार तर मोकळ्या तारेपुरती खरी, आणि मोकळ्या तारेवर अख्खे गाणे वाजत नाही.

दोन्ही पिकअप एकत्र उघडले की नवा खड्डा पडतो. काही उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) दोन जागी एकमेकांच्या उलट असतात आणि खोडले जातात. वरच्या अंतरांनी हिशेब केला तर ई तारेवर हा खड्डा साधारण ३३५ ते ३९० हर्ट्झमध्ये येतो, ए तारेवर ४४५ ते ५२० मध्ये. खोलीत हा आवाज फार छान, भरदार आणि स्वच्छ वाटतो. मैदानात खालचा भाग ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्डचा डावा हात खाऊन टाकतात. गर्दीत बेसची ओळख पटवणारा मधला आवाज तर आपण स्वतःच खोडलेला असतो. उपाय फुकटचा आहे : एक व्हॉल्यूम दहावरून आठवर आणा. खड्डा बराच भरून येतो. किंचित गुणगुण वाढेल, पण वाजत असताना ती कुणाच्या लक्षात येत नाही.

याच्याही पुढे जायचे तर दोन पिकअप सीरिजमध्ये जोडणारा पुश-पुल पॉट (ओढले की स्विचचे काम करणारे व्हॉल्यूमचे बटण) बसवता येतो. पॅरलल (शेजारी-शेजारी) जोडणीत दोन गुंडाळ्यांचा इंडक्टन्स (बदलत्या विजेला गुंडाळीचा विरोध) निम्मा होतो, वरचा आवाज मोकळा राहतो. सीरिजमध्ये तो बेरजेत जातो : आवाज मोठा, मध्य जाड, वरची टोके बोथट, आणि लांब केबल जास्त नडते. पण मधला खड्डा सीरिजनेही बुजत नाही, कारण तो जागेमुळे पडलेला असतो, जोडणीमुळे नव्हे. सीरिज केल्यावर ‘मधला आवाज परत आला’ असे वाटते, त्याचे श्रेय वाढलेल्या पातळीला आणि कमी झालेल्या ट्रेबलला.

पॉटची एक चूक वारंवार दिसते. जॅझ बेसमध्ये पिकअपची गरम वायर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला जाते आणि आवाज कडेच्या पायातून बाहेर पडतो. नेहमीच्या सवयीने हे उलटे डाखले तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच दोन्ही पिकअप मुके होतात. पॉट २५० के (किलोओहम) चे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ते नसतील तर २२० के खुशाल घ्या, कानाला फरक कळत नाही. दोन व्हॉल्यूम आणि एक टोन मिळून पिकअपवर सुमारे ८३ के चा भार पडतोच. तिथे १०० के चे पॉट लावले तर तो भार ३३ के वर येतो आणि आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होतो. टोनचा कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा, त्यावर ४७३ छापलेले असते. साधा पॉलिस्टर पुरतो. महागड्या ‘व्हिंटेज’ कपॅसिटरवर खर्च करणाऱ्यांनी त्या पैशांत नवीन तारा घ्याव्यात.

उंचीबद्दल थोडक्यात : शेवटचा फ्रेट दाबून ई तारेखाली सुमारे ३ मिलिमीटर आणि जी खाली २.५ मिलिमीटर मोकळे ठेवा. त्याहून जवळ आणले तर चुंबक तारेला ओढते आणि वरच्या फ्रेटवर ई तार बेसूर डोलते.

तारांना हात लावल्यावर खरखर कमी होत असेल तर ब्रिजची अर्थ वायर शाबूत आहे, कमी आहे ती खाचेतल्या तांब्याच्या पट्टीची. हात लावल्यावर ती वाढत असेल तर जॅकची वायर उलटी आहे किंवा ब्रिजखालची वायर तुटली आहे. आणि गुणगुण घालवण्यासाठी अँपच्या प्लगची अर्थची पिन तोडण्याची जी रीत मंडपांत दिसते, ती ताबडतोब बंद व्हावी. अँपमध्ये फॉल्ट आला तर तारांतून वाजवणाऱ्याच्या हातात थेट २३० व्होल्ट येतात.

आपल्या पुरवणीत बेस गिटारची ओळख छापताना लाकडाच्या जातीशेजारी दोन गोष्टी द्याव्यात : ब्रिजपासून प्रत्येक पिकअपच्या मध्यापर्यंतचे अंतर, आणि जोडणी सीरिज की पॅरलल. एक ओळ लागेल.

– गिटार दुरुस्ती करणारा एक वाचक, पुणे